मारुतीला पंख फुटले!

रविवारची सकाळ, एक हॅक्सॉ ब्लेड, दोन एम-सील आणि तुफान आत्मविश्वास... घरच्या घरी गाडी 'मॉडिफाय' करणाऱ्या तमाम शूरवीरांना मानाचा मुजरा. आणि जाता जाता एक छोटीशी विनंतीसुद्धा!

रविवारी अकराच्या सुमाराला कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये डोकवा. पोहे खाऊन तृप्त झालेला एक तरुण गाडीखाली अर्धा घुसलेला असतो. बाहेर दिसते ती फक्त बर्म्युडा आणि दोन पाय. शेजारी इन्सुलेशन टेप, फेव्हिक्विक, वायरींचं भेंडोळं आणि 'मला कशाला बोलावलंस?' असा चेहरा केलेला एक मित्र. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे काका दुधाची पिशवी नाचवत येतात.

"काय रे, गाडी बिघडली वाटतं?"

"नाही हो काका, मॉडिफाय करतोय."

"तेच म्हटलं मी!"

काकांना हसू नका. त्यांच्या एका वाक्यात या विषयाचं निम्मं सार आहे. उरलेलं निम्मं समजून घ्यायला मात्र थोडं गाडीखाली शिरावं लागेल.

हे खूळ आलं कुठून?

१४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली आणि मध्यमवर्गाच्या दारात गाडी उभी राहिली. प्रॉब्लेम एकच. शेजाऱ्याच्या दारातही तीच उभी राहिली! २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं, तोवर तीस वर्षं आपण पार्किंगमधल्या पाच सारख्या पांढऱ्या गाड्यांतली स्वतःची ओळखायला धडपडत होतो. कुणी मागच्या काचेत मान डोलवणारा कुत्रा ठेवला, कुणी डॅशबोर्डवर इवलासा पंखा बसवला, कुणी 'आईचा आशीर्वाद' चिकटवला. हा झाला मॉडिफिकेशनचा बालवर्ग.

मग २००१ मध्ये 'द फास्ट अँड द फ्युरिअस' आला आणि गाडी फक्त चालवायची नसते, ती 'सजवायची' असते हे आपल्याला कळलं. २००४ मध्ये एमटीव्हीवर 'पिम्प माय राइड' सुरू झालं. त्याच वर्षी आपल्याकडे 'टारझन : द वंडर कार' आला. त्यातली ती जांभळट गाडी दिलीप छाब्रियांच्या 'डीसी'ने टोयोटा एमआर-२ वर बेतून घडवली होती. सिनेमा फारसा चालला नाही, पण गाडी मनात घर करून बसली. आता टोयोटा एमआर-२ काही आपल्या ईएमआयमध्ये बसत नव्हती. पण पुण्यात नाना पेठ होती, बुधवार-रविवारचा जुना बाजार होता, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड होता. तिथे सगळं मिळत होतं. फक्त 'हे बसवायचं कसं' हे सांगणारं पुस्तक मिळत नव्हतं.

तिथून पुढे जे घडलं, त्यातून काही अजरामर नमुने तयार झाले. बघा, यातला एखादा तुमच्या ऑफिसात आहे का? की... आरसा आणू?

नमुना पहिला : पंखवाला

याच्या गाडीच्या डिकीवर इस्त्रीच्या टेबलाएवढा स्पॉइलर असतो. विचारलं की उत्तर ठरलेलं, "अरे, हाय स्पीडला गाडी रोडला चिकटून राहते."

विज्ञान त्याच्या बाजूने आहे, पण हायवेपर्यंतही नाही. रेसच्या गाडीचा पंख हवेच्या जोरावर मागची चाकं खाली दाबतो, हे खरं. पण हा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि तसाच कमीही होतो. ताशी १०० किलोमीटरला जेवढा दाब, त्याच्या सोळावा हिस्सा २५ ला. आणि कर्वे रोडवर संध्याकाळी सहा वाजता २५ चा वेग मिळाला, तर आपण पेढे वाटतो! त्यात आणखी एक गंमत. मारुती ८०० ला इंजिनाची ताकद पुढच्या चाकांकडे जाते. म्हणजे ओढणारी चाकं पुढे आणि दाबणारा पंख मागे. दोरीने बादली ओढणाऱ्याला सोडून बादलीवरच वजन ठेवल्यासारखं.

फायदा एकच. डिकीवर कपडे वाळत घालायला सोय होते.

नमुना दुसरा : भोंगावाला

हा येतोय हे चौथ्या मजल्यावर कळतं. सायलेन्सरच्या जागी डब्याएवढा पाइप आणि बॉनेटखाली मूळ एअर फिल्टर काढून लावलेला लालभडक 'कोन फिल्टर'. आवाज फेरारीचा, पिकअप रिक्षाचा.

हिशेब करू. जुन्या मारुती ८०० ची ताकद साधारण ३७ अश्वशक्ती. आपल्या किचनमधला ७५० वॅटचा मिक्सर म्हणजे ढोबळमानाने एक अश्वशक्ती. थोडक्यात, तुमच्या बॉनेटखाली ३७ मिक्सर आहेत. पाइप मोठा केल्याने मिक्सरची संख्या वाढत नाही, फक्त चटणीचा आवाज वाढतो. आणि तो लाल कोन? कंपनीचा फिल्टर बहुतेक वेळा नळीतून बाहेरची त्यातल्या त्यात गार हवा आत घेतो. हा उघडा कोन इंजिनशेजारची तापलेली हवा ओढतो. गरम हवा विरळ असते, त्यामुळे तिच्यातून इंजिनला ऑक्सिजन कमी मिळतो. म्हणजे हजारो रुपये खर्चून आपण गाडीला दमा विकत घेतो.

या नमुन्याचे चुलतभाऊ बुलेटवर बसतात. जप्त केलेले त्यांचे सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून पोलिसांनी त्यांवरून रोडरोलर फिरवल्याचे फोटो महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांतून आले आहेत. सोसायटीतल्या आज्यांनी ते फोटो फ्रेम करून लावले नाहीत, हेच नवल.

नमुना तिसरा : बुटका

गाडी जितकी खाली, तितका भाव वर, हा याचा फंडा. त्यासाठी महागडं सस्पेन्शन किट येतं. पण आपला हिरो ग्राइंडर आणतो आणि स्प्रिंगचा दीड वेढाच उडवतो. काम फत्ते!

आता स्प्रिंगचा स्वभाव असा, की वेढे कमी झाले की उरलेली स्प्रिंग जास्त कडक होते. शिवाय टोक कापलेलं असल्यामुळे ती आपल्या खोबणीत नीट बसत नाही. गाडी खाली येते, दिसते झक्कास आणि मग रस्त्यात येतो आपला राष्ट्रीय दागिना, म्हणजे स्पीडब्रेकर. शास्त्रात कुठेही न बसणारा, रातोरात उगवलेला, पांढरा पट्टा नसलेला. त्यावरून जाताना 'खर्र्र' असा जो आवाज येतो, तो पगाराचा असतो. मग हा हिरो प्रत्येक स्पीडब्रेकरवर तिरका होऊन, कीर्तनाला निघालेल्या आजीच्या वेगाने गाडी काढतो. मागची ट्रॅफिक त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते.

नमुना चौथा : दिवाळीवाला

याच्या गाडीत गणपतीच्या मांडवापेक्षा जास्त लायटिंग असतं. खाली निळी एलईडी पट्टी, चाकात हिरवी, ब्रेक मारला की मागे डिस्को. इथवर ठीक. पण एक दिवस तो हेडलाइटला हात घालतो. कंपनीचा ६०/५५ वॅटचा बल्ब काढून १००/९० चा टाकतो. "रात्री दिवस वाटतो रे!"

वाटणारच. समोरच्याला तर साक्षात सूर्यदर्शन होतं. त्याला चार सेकंद काहीच दिसत नाही आणि तो नेमका आपल्याच दिशेने येत असतो! दुसरं म्हणजे, १२ व्होल्टवर ६० वॅटचा बल्ब ५ अँपिअर करंट घेतो, १०० वॅटचा ८ च्या वर. वायर मात्र तीच, ५ वाल्या हिशेबाची. वेगळा रिले आणि जाड वायर टाकली नाही, तर आधी होल्डर वितळतो, मग स्विच, मग आपण.

नमुना पाचवा : नंबर-कवी

हा गाडीला हात लावत नाही, हा फक्त नंबर प्लेटवर कविता करतो. २१४ चा 'राम', ४१४१ चे 'दादा', ४९१२ चे 'पवार', ८०५५ चा इंग्रजीतला 'बॉस'. मराठी माणसाच्या कल्पकतेला तोड नाही. शाळेत गणित आणि मराठी दोन्हींत काठावर पास झालेल्यांनी इथे दोन्ही विषयांत डिस्टिंक्शन मिळवली.

या काव्यप्रकाराला दृष्ट लागली ती हाय सिक्युरिटी नंबर प्लेटची. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्या ती लावूनच येतात आणि जुन्या गाड्यांनाही ती बसवायची मोहीम महाराष्ट्रात २०२५ मध्ये जोरात निघाली. सगळ्यांचे आकडे एकसारखे, सरळ, कोरडे. एका साहित्यचळवळीचा असा अंत झाला.

नमुना सहावा : गारवावाला

याचं एकच दुःख. उन्हात गाडी तापते. पूर्वी उपाय सोपा होता, काळी फिल्म. सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०१२ मध्ये काचांवर फिल्म चिकटवायलाच मनाई केली. काचा कंपनीतूनच ठरावीक मर्यादेत टिंटेड आल्या तर चालतात, म्हणजे पुढची-मागची काच किमान ७० टक्के आणि बाजूच्या किमान ५० टक्के प्रकाश आत सोडणारी हवी. त्यानंतर गारवावाले पडदे, जाळ्या आणि ओल्या टॉवेलवर आले.

पण या पंथाचा कळस गाठला अहमदाबादने. मे २०१९ मध्ये तिथल्या एका बाईंनी आपली टोयोटा कोरोला चक्क शेणाने सारवली! टपापासून दारापर्यंत, हिरवीगार. फोटो देशभर फिरले. सारवलेलं घर गार राहतं हे आपल्या आजीने सांगितलेलंच आहे. फक्त आजीचं घर सर्व्हिस सेंटरला न्यावं लागत नसे.

आता जरा टोपी काढू या...

चेष्टा पुरे. कारण या सगळ्या उद्योगांच्या मुळाशी जी गोष्ट आहे, ती खरंच गोड आहे.

२०१९ मध्ये बिहारमधल्या एका तरुणाने आपल्या टाटा नॅनोला पंखा आणि शेपटी जोडून तिचं हेलिकॉप्टर केलं. उडत नव्हतं ते. रस्त्यावरूनच चालायचं. पण हेलिकॉप्टर बनवायचं स्वप्न होतं आणि हाताशी नॅनो होती, मग करणार काय? २०२४ च्या मार्चमध्ये उत्तर प्रदेशातल्या आंबेडकरनगरला दोन भावांनी वॅगन-आरचं असंच हेलिकॉप्टर केलं. लग्नात नवरदेवाला भाड्याने द्यायची आयडिया होती. पोलिसांनी वरातीआधीच ते उतरवून घेतलं.

आणि आपल्या मातीतली गोष्ट तर त्याहून भारी. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या एका लोहारकाम करणाऱ्या कारागिराच्या मुलाला गाडी हवी होती. विकत घेणं परवडणारं नव्हतं. मग या बापाने भंगारातले आणि दुचाकीचे भाग जमवून सुमारे साठ हजारांत स्वतःच एक छोटी जीप बनवली. किक मारून सुरू होणारी! डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडीओ गाजला. तो आनंद महिंद्रांनी पाहिला. त्यांनी जे म्हटलं त्याचा मथितार्थ असा, की ही गाडी नियमांत बसत नाही, यंत्रणा तिला कधी ना कधी अडवेलच, पण या माणसाच्या हुन्नरीला सलाम. त्या जीपच्या बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती कुटुंबाला मिळालीसुद्धा.

बघा, या माणसाला गाडी वेगळी दिसायला नको होती. त्याला गाडी हवी होती. आपल्याला गाडी मिळालेली असते, फक्त ती सगळ्यांसारखी असते. अप्रेझल फॉर्मवर एम्प्लॉयी कोड, लिफ्टमध्ये आयकार्ड, पार्किंगमध्ये स्टिकर नंबर... आठवडाभर आपण कुठल्यातरी यादीतला एक आकडा असतो. रविवारी त्या गाडीवर एक लाल पट्टा ओढला की ती 'आपली' होते. त्या दोन तासांत ना बॉसचा फोन, ना टार्गेट. हातांना ग्रीस लागतं आणि डोक्याचं गंज निघतं. हा आनंद थोडाथोडका नाही, दोस्तहो.

म्हणूनच पुढचं नीट वाचा.

...आणि इथे हसू थांबतं

घरगुती बदलांतले सगळ्यात धोकादायक बदल सगळ्यात कमी दिसतात. त्यांना ना पंख असतात, ना आवाज.

पहिला बदल तर अगदीच किरकोळ किमतीचा. सीट बेल्ट न लावता त्याच्या खाचेत नुसतं खुपसायचं बकल, म्हणजे ती कटकटी 'टिंग टिंग' बंद. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ झालेल्या अपघातात मागच्या सीटवर बसलेले सायरस मिस्त्री गेले आणि मागचा बेल्ट हा विषय देशभर चर्चेला आला. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांना अशी बकलं विक्रीतून काढायला लावली. कारण साधं आहे. एअरबॅग सेकंदाच्या काही शतांश भागात फुगते आणि बेल्टने माणसाला जागेवर धरून ठेवलंय असं गृहीत धरूनच तिची रचना केलेली असते. बेल्ट नसेल, तर आपण पुढे फेकले जातो आणि ती आपल्यावर येते. मग ती उशी राहत नाही, ठोसा होतो.

दुसरा, पुढचा तो जाडजूड स्टीलचा बुलबार. धडकेत गाडीचं नाक चेपायलाच हवं. चेपताना ते धक्का खातं, म्हणून तो आपल्यापर्यंत कमी पोचतो. बुलबार हा धक्का थेट चासीला देतो. एअरबॅगच्या सेन्सरचं गणितही बिघडू शकतं. आणि समोर पायी चालणारा असेल, तर त्याचं काय होतं ते लिहायला नको. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना यावर कारवाई करायला सांगितलं, तेव्हा एका रविवारात निम्म्या शहराने पाने-स्पॅनर काढून बुलबार उतरवले होते. आता हळूहळू परत चढतायत.

तिसरा, सीट कव्हर. सीटच्या कडेला एअरबॅग असेल आणि आपण वरून मस्त घट्ट रेक्झिन शिवून घेतलं, तर ती फुटणार कुठून? अशा सीटसाठी खास शिवणीची कव्हरं मिळतात. तीच घ्या.

आणि चौथा बदल म्हणजे सरळ आगीशी खेळ. घरगुती गॅसचा सिलिंडर गाडीत बसवणं. पेट्रोल वाचतं म्हणून हे उद्योग व्हॅनमध्ये सर्रास झाले, त्यांत शाळेच्या पोरांना नेणाऱ्या व्हॅनही होत्या. गाडीच्या गॅस टाकीला ८० टक्क्यांवर भरणं थांबवणारा आणि गळती अडवणारा व्हॉल्व्ह असतो. किचनमधल्या लाल सिलिंडरला यातलं काही नसतं. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला की वर उडून जात नाही, पायापाशी साचून राहतो. मग एक ठिणगी पुरते. अशी गाडी दिसली, त्यातही मुलांची, तर 'आपल्याला काय करायचंय' म्हणू नका. बोला. तक्रार करा.

कायदा काय म्हणतो?

थोडक्यात सांगायचं, तर कायदा काकांच्याच बाजूने आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हे ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही ठरली, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द दिवाळीवाल्याने दोनदा वाचावेत. शिवाय विमा कंपनीला न कळवता बदल केले, तर क्लेम नाकारला जाऊ शकतो.

मग करायचं तरी काय? बरंच काही! रंग बदलायचा असेल, तर आरटीओची परवानगी घ्या आणि आरसीवर नोंद करा. गॅसवर जायचंय, तर मान्यताप्राप्त किट अधिकृत सेंटरवरच बसवा आणि तीही नोंद करा. म्युझिक सिस्टिम टाकताना वायरी कापू नका, कपलर वापरा. आतली मॅट, गिअर नॉबचं कव्हर, स्टिअरिंगची शिवण, डॅशबोर्डवरचा गणपती... खेळायला मैदान मोठं आहे.

फक्त ब्लेड हातात घेण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारा. यामुळे मला किंवा समोरच्याला कमी दिसेल का? गाडी थांबायला जास्त वेळ घेईल का? काही पेटू शकेल का? आणि उद्या धडक बसलीच, तर हे मला वाचवेल की मारेल? चारांपैकी एकाचंही उत्तर डळमळीत वाटलं, तर ब्लेड खाली ठेवा आणि गाडी मेकॅनिककडे न्या. चारही प्रश्नांत पास झालात, तर बिनधास्त लावा लाल पट्टा, हवा तेवढा रुंद.

आणि हो, तो इस्त्रीच्या टेबलाएवढा पंख? त्याऐवजी खरंच एक इस्त्रीचं टेबल घ्या. निदान सोमवारी ऑफिसला शर्ट तरी कडक दिसेल!